इंग्रजी वाक्प्रचार : शब्द ओळखीचे, अर्थ निराळा

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद येथे मराठी शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याची इंग्रजीशी गाठ पहिल्या इयत्तेतच पडते. राज्यात ही पद्धती सन २००० पासून अमलात आली. 'लुक', 'पुट', 'टर्न' हे शब्द त्यास लहानपणीच पाठ होतात; आणि नेमके हेच शब्द पुढे त्यास चकवितात.

समजा, कर्जाचा अर्ज 'टर्न डाउन' झाल्याचे त्यास कळविण्यात आले. 'टर्न' म्हणजे वळणे, 'डाउन' म्हणजे खाली; तेव्हा अर्ज खालच्या कार्यालयाकडे वळविला असावा, असे समजून तो वाट पाहत राहतो. वस्तुतः अर्ज नामंजूर झालेला असतो. तसेच मुलाखत 'पुट ऑफ' झाली म्हणजे ती पुढे ढकलली. 'कॉल ऑफ' झाली म्हणजे रद्दच झाली. दोहोंतील फरक न कळल्यास नोकरीची संधी हातची जाते.

हा प्रकार आपणांस परका नाही. संस्कृतातील 'हृ' धातूपासून झालेल्या 'हार' या शब्दामागे उपसर्ग लागला की आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्न अर्थांचे शब्द होतात. संस्कृतात उपसर्ग आधी येतो, इंग्रजीत असा लहान शब्द क्रियापदानंतर येतो, इतकेच. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक इनटू' म्हणजे चौकशी करणे आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे. म्हणून हे दोन-तीन शब्द मिळून एकच क्रियापद मानावे.

वाक्यरचनेतही एक पथ्य आहे. सर्वनाम कर्म असेल तर ते 'टर्न डाउन', 'पुट ऑफ' यांसारख्या जोड्यांच्या मध्ये येते : 'टर्न इट डाउन', 'पुट इट ऑफ'. परंतु 'लुक आफ्टर' व 'लुक इनटू' या जोड्या फुटत नाहीत. तेथे 'लुक आफ्टर इट' असेच म्हणावे लागते.

बोलण्यात 'पुट ऑफ' तर औपचारिक पत्रात बहुधा 'पोस्टपोन'. बोलण्यात 'टर्न डाउन' तर पत्रात 'रिजेक्ट'. औपचारिक शब्द पुष्कळदा लॅटिनमधून आलेले आहेत. विद्यार्थ्याने दोन्ही रूपे शेजारी शेजारी लिहून ठेवावीत.

म्हणींबाबत तर शब्दशः अर्थ अधिकच फसवा ठरतो. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस. त्यात मांजरे नाहीत, कुत्रेही नाहीत. आपल्याकडे तूर पिकते. पण 'हातावर तुरी देणे' म्हणजे फसवून निसटणे, हे परप्रांतीयास सांगावेच लागते. काही प्रयोग मात्र भाषांतरित होऊन मराठीत रुळले आहेत. सरकारी दप्तरे लाल फितीने बांधीत. त्यावरून इंग्रजीत 'रेड टेप' हा प्रयोग आला आणि मराठीत 'लालफीत' झाला.

तात्पर्य, यादी पाठ करू नये. दररोज दोन प्रयोग घ्यावेत, त्यांची आपल्या घरच्या, शेतीच्या व शाळेच्या व्यवहारातील वाक्ये बनवावीत आणि शेजारी मराठी प्रतिशब्द लिहावा. आठवड्याने मराठी बाजू झाकून उजळणी करावी. अर्थ न कळल्यास विचारण्यात कमीपणा नाही. चुकीचा अर्थ गृहीत धरणे मात्र महागात पडते.