जुनं हवंय ना? मग आपलंच घे

तुझ्या गटाच्या लाडवांच्या लेबलाचे नमुने पाहिले गं. मेहनत दिसते. पण खरं सांगू का, मोहफुलांचे लाडू अमेरिकेतल्या पेट्रोलपंपावर विकायला ठेवल्यासारखे वाटतात. गुलाबी निऑनची पाटी, लांबलचक मोटार, गॉगलवाली बाई! सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनी एआयवरून सगळ्यांनी रेट्रो साडीतले फोटो करून घेतले होते, आठवतं ना? बघता बघता सगळ्या जणी एकाच सिनेमातल्या दिसायला लागल्या. तयार साच्याचं असंच होतं.

आता तुझ्या गडचिरोलीच्या अंगणात काय आहे ते बघ. दिवाळी सरली की होळीपर्यंत वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टी नाटकं गावोगाव रात्रभर चालतात. त्यांची पोस्टरं चहाटपरीवर, एसटी थांब्यावर लागलेली असतात. एकदा जवळ जाऊन नीट न्याहाळ. नाटकाचं नाव तिरकं, ठसठशीत, अक्षराला गडद सावली. भोवती कलाकारांचे चेहरे, कुणी रडवेला, कुणी मिशीला पीळ देणारा. लाल, पिवळा, निळा, सगळं एकदम अंगावर येणारं. कुणाला भडक वाटेल, मला तर त्यात उमेद दिसते. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा 'गावठी दिसेल का गं?' हा प्रश्न आता बाजूला ठेव.

पण पोस्टर जसंच्या तसं उचलू नकोस हं. कुणाचा चेहरा, कुणाच्या हातचं अक्षर न विचारता घ्यायचं नाही. नावापुरतं तिरकं सावलीचं अक्षर घे आणि दोनच रंग ठेव. छपाईही स्वस्तात होईल. ठसठशीत अक्षर हवं तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मोडक आणि बलू हे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, धंद्यासाठीही चालतात. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरंही शोधून बघ. नक्कल करायला नाही, नुसत्या अक्षरातून नाटकाचा स्वभाव कसा कळतो ते शिकायला.

कागद जुनाट दाखवायच्या फंदात मात्र पडू नकोस. मी एकदा चहाचं पाणी शिंपडून लेबल 'जुनं' केलं होतं. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, पाकीट भिजलंय का?" खाकी कागद घेणार असशील तर आतून अस्तर लाव, नाहीतर लाडवाचं तूप बाहेर येईल. आणि 'सन १९५० पासून' तर मुळीच लिहू नकोस. अगं, गडचिरोली जिल्हाच १९८२ चा! तुझा गट कालचा, तर कालचा म्हण.

आणखी एक, हे जरा रागावूनच सांगते. माडिया आदिवासी बायकांचे जुने काळेपांढरे फोटो 'व्हिंटेज' म्हणून लावायचे नाहीत. मोहफुलं वेचणाऱ्या बायका आजच्या आहेत, त्यांच्या हातात मोबाइल आहे. फोटो लावायचाच तर त्यांना विचारून, आजचा, रंगीत लाव.

रील्सचं टेन्शन घेऊ नकोस. कॅमेऱ्यापुढे तुला लाज वाटते ना? मग आवाज वापर. नाटकाच्या प्रचाराची भोंगा लावलेली गाडी गावात फिरते, त्या थाटात झाडीबोलीत लाडवांची घोषणा कर. चित्रात नुसती कढई दिसली तरी चालेल. इथल्या माणसाला ओळखीचं हसू येईल, पुण्याच्या माणसाला काहीतरी नवीन ऐकल्यासारखं वाटेल.

मात्र जुन्या रूपाने माणूस नुसता थांबतो, घेतो तो दुसऱ्याच कारणाने. कॅम्पा कोला बघ. रिलायन्सने २०२२ मध्ये तो जुना ब्रँड घेतला, पुढच्या वर्षी बाजारात आणला. नाव आठवणीतलं होतंच, पण छोटी बाटली दहा रुपयांत ठेवली. तुझ्याकडे त्या किमतीच्या जागी चव आणि ताजेपणा आहे. म्हणून घटक, वजन, किंमत, बनवल्याची आणि वापराची शेवटची तारीख, हिरवा ठिपका, एफएसएसएआय क्रमांक हे सगळं साध्या, वाचता येईल अशा अक्षरात छाप. तिथे नाटक नको.

आधी थोडीच लेबलं काढ आणि गावच्या मंडईत नेऊन ठेव. लोक काय बोलतात ते लिहून घे, मग मला फोन कर. छापखान्यात जास्तीची ऑर्डर त्याआधी देऊ नकोस, सांगून ठेवते.