जुन्या टीव्हीवर कॉम्प्युटरचे चित्र स्पष्ट कसे दिसेल?

शिक्षक मित्रांनो, बोरीसारख्या (ता. जिंतूर, जि. परभणी) गावात शाळेत जुना, मागून फुगीर टीव्ही असेल आणि तो चालू असेल, तर भंगारात देऊ नका. धडा दाखवायला तो कामाला येतो. फक्त शेवटच्या बाकावरच्या मुलाला अक्षर वाचता आले पाहिजे.

अडचण काय?
आपला टीव्ही पाल पद्धतीचा. त्यात ६२५ रेषा, पैकी ५७६ चित्राच्या. तो सेकंदाला १५,६२५ रेषा काढतो. कॉम्प्युटरचा व्हीजीए सिग्नल साधारण दुप्पट वेगाचा. म्हणून नुसती वायर जोडून भागत नाही.

काय कराल?
१. 'एचडीएमआय ते एव्ही' कन्व्हर्टर घ्या. उलट दिशेचाही मिळतो, तो चालणार नाही.
२. त्यावरचे बटण 'पाल'वर ठेवा.
३. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. पिवळीत रंग आणि उजेड एकत्र येतात, म्हणून कडा पुसट दिसतात. दोन्हीकडे एस-व्हिडिओ असेल तर तेच जोडा.
४. टीव्ही कडेचा भाग कापतो. चारही बाजूंना थोडी जागा मोकळी सोडा.
५. अर्ध्या रेषा एकदा, अर्ध्या नंतर उमटतात. त्यामुळे बारीक शिरोरेषा थरथरते आणि अनुस्वार हरवतो. अक्षर मोठे, जाड ठेवा. एका स्लाइडवर चार-पाचच ओळी.

आणि हो, टीव्हीचे मागचे झाकण उघडू नका. बंद केल्यावरही आत जबर वीज साठलेली असू शकते.