सही करण्याआधी विचारून घे

नेपरव्हिल, इलिनॉय

चि. सोनूस,


ऑस्टिनची नोकरी तू स्वीकारलीस हे ताईकडून कळलं आणि मनापासून आनंद झाला. परवा फोनवर तू म्हणालीस, "सामान हलवायचा खर्च कंपनी देणार आहे, त्यामुळे ती काळजी नाही." तेवढ्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. खर्च कंपनीचा असला तरी संसार तुझा आहे आणि कागदावर सही तुझी असणार आहे. आपल्या घरात आपल्याला मागायला शिकवलं नाही. दिलं ते गोड मानून घ्यायचं असंच शिकवलं. घरात ते शोभतं. पगाराच्या व्यवहारात मात्र भीड ही भिकेची बहीण. एचआरच्या लोकांना असे प्रश्न रोज येतात, त्यांचं कामच ते आहे. तू अजून रुजू झालेली नाहीस, रिलोकेशनच्या करारावर सहीही केलेली नाहीस. विचारायची वेळ हीच.

सगळ्यात आधी विचार, की मदत कुठल्या प्रकारची आहे. काही कंपन्या एकरकमी पैसे देतात आणि पुढचं तुझं तू बघायचं. काही कंपन्या आधी तुला खर्च करायला लावतात आणि पावत्या दिल्यावर भरपाई करतात. काही कंपन्या रिलोकेशनची एजन्सी नेमतात. ती मूव्हर लावते आणि बिल परस्पर कंपनीकडे जातं. तुम्हा दोघांच्या नोकऱ्या सुरू असताना हा तिसरा प्रकार सोयीचा. दुसऱ्या प्रकारात क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम काही आठवडे अडकून राहते, याची तयारी ठेव. प्रकार कुठलाही असो, त्यात काय काय धरलंय ते लेखी माग: पॅकिंग, गाडी पाठवणं, तिथे घर मिळेपर्यंतचं भाडं, सामान गोदामात ठेवावं लागलं तर त्याचा खर्च, घर बघायला जाण्याची एक फेरी, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घराचा भाडेकरार मुदतीआधी मोडल्याचा दंड. शेवटची बाब बहुतेक लोक विचारत नाहीत, आणि ती रक्कम छोटी नसते.

दुसरा प्रश्न कराचा. पूर्वी कंपनीने दिलेल्या स्थलांतराच्या खर्चावर आयकर लागत नसे. २०१७ च्या कायद्याने ती सवलत २०१८ पासून थांबवली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची काढून टाकली. सैन्यदल आणि गुप्तचर खात्यातली माणसं तेवढी वगळली. म्हणजे कंपनीने मूव्हरला परस्पर पैसे दिले तरी केंद्राच्या हिशेबात तो तुझा पगारच, आणि वर्षअखेरीस तुझ्या पगाराच्या दाखल्यावर, डब्ल्यू-२ वर, तो दिसणार. समज, तुला १०,००० डॉलर मिळाले. अशा जादा रकमेवर साधारणपणे २२ टक्के केंद्रीय आयकर कापतात, आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के. हातात उरतात ७,०३५. म्हणून विचार, "तुम्ही ग्रॉस-अप करता का?" म्हणजे कराचा भारही कंपनी उचलते का. तुझ्या हातात पूर्ण १०,००० पडायचे असतील तर याच दरांनी कंपनीला सुमारे १४,२१५ डॉलर दाखवावे लागतात. पुष्कळ कंपन्या हे करतात, पण न विचारता प्रत्येक जण सांगेलच असं नाही.

तिसरा प्रश्न परतफेडीचा. नोकरी ठरावीक मुदतीच्या आत सोडलीस तर पैसे परत द्यायचे, असं कलम बहुतेक करारांत असतं. ते रास्तही आहे. पण त्यातली वाक्यं सावकाश वाच. मुदत एक वर्ष की दोन? जसजसे महिने जातील तसतशी रक्कम कमी होते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते? कर कापण्याआधीची रक्कम परत मागणार, की तुझ्या हातात पडलेली? आणि सगळ्यात महत्त्वाचं: कंपनीनेच कामावरून कमी केलं तर काय? "कंपनीने काढल्यास परतफेड लागू नाही" हे वाक्य करारात नसेल तर घालून माग. हल्ली किती घरांत अचानक ले-ऑफची ईमेल येते, तू पाहतेसच. नोकरी गेली आणि वर देणं डोक्यावर आलं, अशी पाळी तुझ्यावर येऊ नये.

आता मूव्हरबद्दल. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरसामान नेणाऱ्या कंपन्यांवर फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन या केंद्रीय संस्थेचे नियम लागू होतात. मूव्हर तुलाच निवडायचा असेल तर त्याचा नोंदणीचा यूएसडॉट नंबर माग आणि त्या संस्थेच्या साइटवर तपास. तो स्वतः ट्रक चालवणारा आहे की नुसता दलाल, हेही तिथेच कळतं. घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर न बघता कुणी फोनवरच आकडा सांगत असेल तर तिथेच थांब. अंदाजपत्रक लेखी घे आणि ते बांधील आहे का ते बघ. बांधील असेल तर यादीतल्या सामानासाठी सामान उतरवताना त्याहून जास्त मागता येत नाही. बांधील नसेल, तर त्या वेळी अंदाजाच्या ११० टक्क्यांपर्यंतच घेता येतात, उरलेलं बिल नंतर. एवढे पैसे देऊनही कुणी सामान अडवून धरलं तर ते बेकायदा आहे, हे ठामपणे सांगता आलं पाहिजे. तुमच्या गल्लीत मोठा ट्रक वळत नाही. छोटी गाडी मध्ये लावावी लागली तर तिचे पैसे कोण देणार, हेही आधीच विचार.

नुकसानभरपाईचा भाग मी सगळ्यात कळकळीने सांगते. भरपाईचे दोन स्तर असतात. एक फुकट असतो, पण त्यात वस्तूमागे पाऊंडाला फक्त ६० सेंट मिळतात. चाळीस पाऊंडांचा टीव्ही फुटला तर हातात २४ डॉलर. दुसऱ्यात वस्तू दुरुस्त करून देतात, तशीच बदलून देतात, नाहीतर तिची आजची किंमत देतात. त्याचे पैसे लागतात, ते कंपनी भरणार का ते विचार. यातही एक मेख आहे. पाऊंडाला १०० डॉलरहून जास्त किमतीच्या वस्तू वेगळ्या यादीत लिहून द्याव्या लागतात, नाहीतर त्यांची पूर्ण भरपाई मिळत नाही. ताईची लग्नातली पैठणी सहज त्यात बसते. पण ती यादीत लिहू नकोस, ट्रकमध्येच घालू नकोस. पैठण्या, दागिने, देव, पासपोर्ट, एच-१बीच्या मंजुरीचे (आय-७९७) मूळ कागद आणि डिग्र्या, सगळं तुमच्याबरोबर राहू दे.

सामान उचलायच्या दिवशी माणसं हातात फळी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतात. प्रत्येक वस्तूला नंबराचं स्टिकर लावतात आणि तक्त्यात तिच्यापुढे इंग्रजी अक्षरं टाकतात: 'एससी' म्हणजे ओरखडा, 'सीएच' म्हणजे टवका गेलेला. तुझ्या नव्याकोऱ्या टेबलापुढे तीन-चार अक्षरं दिसली तर घाईत सही करू नकोस. ओरखडे तुझे आधीचेच होते, असा त्या अक्षरांचा अर्थ होतो. पटत नसेल तर त्याच कागदावर तसं लिही, फोटो काढ, मग सही कर. तिकडे सामान उतरताना तेच नंबर एकेक करून मिळवून घे. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांतलं काही फुटलं आणि खोकं बाहेरून धड असलं तर भरपाई मिळणं अवघड जातं, म्हणून काचेच्या बरण्या आणि आईने दिलेला डिनर सेट त्यांनाच भरू दे. दावा करायला ९ महिने मिळतात, पण पहिल्याच आठवड्यात करून टाक.

एडिसन ते ऑस्टिन सुमारे सतराशे मैल. एकाच ट्रकमध्ये तीन-चार घरांचं सामान असतं, त्यामुळे पोचण्याची एक तारीख मिळत नाही, काही दिवसांचा अवधी मिळतो. दोन अंथरुणं, कुकर, एक कढई, पोळपाट-लाटणं आणि आठवड्याचा शिधा तुमच्या गाडीत ठेवा.

तू एच-१बी व्हिसावर आहेस, म्हणून हेही लक्षात ठेव. नव्या कंपनीचा अर्ज मंजूर झाल्याचा कागद हातात आल्यावरच सध्याच्या नोकरीचा राजीनामा दे, आणि रुजू होण्याची तारीख तशीच ठरवून घे. पत्ता बदलला की १० दिवसांत पत्ताबदलाचा एआर-११ फॉर्म भरावा लागतो. टेक्सासमध्ये गाडीची नोंदणी ३० दिवसांत करायची आणि लायसन्स ९० दिवसांत काढायचं. तिथे पगारावर राज्याचा आयकर नाही, पण न्यू जर्सीत काढलेल्या महिन्यांचं रिटर्न न्यू जर्सीला भरावंच लागेल.

करार आला की मला पाठव. मी वाचते, मग फोनवर एकेक कलम बघू. ज्याचं उत्तर तोंडी मिळेल ते त्याच दिवशी ईमेलमध्ये लिहून एचआरला पाठव: "आज आपलं असं बोलणं झालं, कृपया दुजोरा द्या." नम्रपणे मागितलेला दुजोरा कुणी नाकारत नाही, आणि उद्या एचआरमधला माणूस बदलला तरी तो कागद तुझ्या बाजूने उभा राहील. तू कष्टाने ही नोकरी मिळवली आहेस. तिच्याबरोबर जे देऊ केलंय तेही तुझ्या हक्काचं आहे. या सोमवारीच पहिली ईमेल लिही.

जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझी,
मावशी