पायऱ्यांशेजारचा उतार

मतदानाच्या कामानिमित्त एका गावच्या प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला होता. पायऱ्यांलगत सिमेंटचा नवा उतार बांधलेला होता. जोत्याची उंची सुमारे २ फूट आणि उताराची लांबी जेमतेम ६ फूट! चाकांच्या खुर्चीतून आलेल्या एका आजींना दोघा तरुणांनी त्यावरून वर ढकलू पाहिले, तोच खुर्चीची पुढची चाके उचलली गेली. अखेर आजींना खुर्चीसकट पायऱ्यांवरूनच वर नेण्यात आले. नोंदवहीत ‘उतार उपलब्ध’ असे लिहिलेले होते, आणि ती नोंद खोटीही नव्हती.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास बांधकामाची परवानगी देता येत नाही. मतदान केंद्रे सुगम्य असावीत, असेही हा अधिनियम सांगतो. तेव्हा उतार बांधावा की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. तो कसा बांधावा, एवढेच पाहावयाचे आहे.

यातील मुख्य सूत्र सोपे आहे. १ फूट चढण्यासाठी किमान १२ फूट लांबी हवी. अधिक असल्यास उत्तमच. म्हणजे २ फूट जोत्यास २४ फूट लांबीचा उतार लागतो. वरील शाळेत तो याच्या चौथाई होता. ‘एवढी जागा कोठून आणावी?’ असे सरपंच विचारतात. उतार भिंतीलगत न्यावा किंवा मध्ये वळवावा. मात्र वळणावर दीड मीटर लांबरुंद सपाट जागा सोडावी. तशीच जागा आरंभी, शेवटी आणि दर ७५ सेंटिमीटर चढानंतर असावी. दरवाजा उतारावर उघडत असेल, तर माणसाने कडी काढावी की खुर्ची सावरावी?

रुंदी किमान १.२ मीटर असावी. दोन्ही बाजूंना सुमारे ७६ आणि ९० सेंटिमीटर उंचीवर हाताने धरण्याचे दांडे बसवावेत. खालचा दांडा मुलांना आणि खुर्चीत बसलेल्यांना उपयोगी पडतो. चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून काठाला बुटकी कड ठेवावी.

पृष्ठभागाविषयी मात्र आग्रह धरावयास हवा. उद्घाटनाच्या हौसेने गुळगुळीत, चकचकीत फरशी बसविली जाते आणि पहिल्या पावसातच धडधाकट माणूसही तीवरून घसरतो. साधा खरखरीत कोबा केव्हाही बरा. उताराचे टोक मुरमात किंवा उघड्या गटारात संपू नये, आणि त्याच्या तोंडाशी मोटारसायकली उभ्या राहू नयेत. उंबरठा उंच असेल तर सारा खर्च दारातच अडतो.

देयक मंजूर करण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. १२० सेंटिमीटर लांबीची सरळ फळी उतारावर चढाच्या दिशेने ठेवावी. तिच्यावर पाणसळ ठेवून, बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत फळीचे खालचे टोक उचलावे. ते टोक आणि जमीन यांतील अंतर १० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरले, तर उतार ठरल्यापेक्षा उभा आहे. ही परीक्षा दोन-तीन ठिकाणी घ्यावी. कारण वरचे टोक दाराशी जुळविताना शेवटचा हातभर भाग गवंड्याकडून हमखास उभा होतो.