रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया : गाठ आणि रक्तस्राव यांचा तोल

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेची वाट धरणे हे सातारा व सांगली जिल्ह्यांतील लोकांना नवे नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून कृष्णाकाठच्याच नव्हे, तर कर्नाटकातील रुग्णांचीही तेथे रीघ लागली. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे कऱ्हाड येथेही वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रिया आता दूरची राहिलेली नाही. तथापि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची तयारी रुग्णालयाच्या दारात नव्हे, तर रुग्णाच्या गावीच सुरू व्हावी लागते, ही गोष्ट अद्याप पुरेशी परिचित नाही.

पायाची धमनी चोंदलेल्या रुग्णाच्या मानेतील व हृदयातील धमन्याही बहुधा निर्दोष नसतात. बिडी, तंबाखू, मधुमेह व रक्तदाब यांनी सर्वच वाहिन्यांवर एकाच वेळी घाला घातलेला असतो. अशा रुग्णाच्या शरीरात रक्ताची गाठ होऊन ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे, तर शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव आवरत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, अशी ही स्थिती होय.

रक्तदाबाचेच पाहा. शस्त्रक्रियेच्या तोंडावर औषध देऊन हृदयावरील ताण कमी करावा, हा विचार वरकरणी योग्य वाटतो. परंतु २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निराळेच आढळून आले. शस्त्रक्रियेच्या काही तास आधी मेटोप्रोलोल हे औषध मोठ्या मात्रेत सुरू केलेल्या रुग्णांत हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात व मृत्यू वाढले. याचा अर्थ, रक्तदाब घाईने नव्हे, तर आठवडे-महिने आधीपासून सावकाश आटोक्यात आणावयास हवा.

या दृष्टीने सातारा जिल्ह्याचा अनुभव महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे चार जिल्हे निवडण्यात आले, त्यांत भंडारा, वर्धा व सिंधुदुर्ग यांच्यासह सातारा होता. ठरावीक औषधक्रम, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि औषध घेण्यास न आलेल्यांचा पाठपुरावा, अशी त्याची साधी रीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील या नोंदी शल्यचिकित्सकाच्या हाती पडल्या, तर त्यांचे मोल मोठे आहे.

आता औषधांविषयी. ‘ऑपरेशन आहे, मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद’ असा निर्णय घरातल्या घरात घेतला जातो, तो घातक ठरू शकतो. इतर अनेक शस्त्रक्रियांत ॲस्पिरिन चालू ठेवल्याने विशेष लाभ न होता रक्तस्राव वाढतो, असे २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. पण मानेच्या धमनीच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण त्या अभ्यासात नव्हतेच, आणि त्यांच्या बाबतीत ॲस्पिरिन सहसा चालूच ठेवतात. वॉर्फरिन साधारणतः पाच दिवस आधी थांबवून रक्ताची तपासणी करतात. कोणती गोळी केव्हा थांबवावी, हे शल्यचिकित्सकानेच ठरवावे. त्यासाठी साऱ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

या पाकिटांत गुडघेदुखीच्या गोळ्या विसरू नयेत, कारण त्यांनीही रक्तस्राव वाढतो. सांगलीच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. भाजीतील हळदीची चिंता नको, मात्र हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वॉर्फरिनसोबत घेतल्याने रक्त प्रमाणाबाहेर पातळ झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. आणि मिश्री हीदेखील तंबाखूच, हे घरातील स्त्रियांना विचारताना डॉक्टरांनीही ध्यानी ठेवावे.

मानेची धमनी फार अरुंद होऊन पक्षाघाताची पूर्वसूचना मिळालेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेचा लाभ निःसंशय आहे. १९९१ च्या अमेरिकी अभ्यासात दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी शेकडा २६ जणांस, तर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ९ जणांस झाला. हा लाभ पूर्वसूचनेनंतर दोन आठवड्यांच्या आत सर्वाधिक असतो. तेव्हा क्षणभर वाचा गेली, हात लुळा पडला आणि पुन्हा पूर्ववत झाला, तरी सुगी आटोपेपर्यंत थांबू नये.

शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या रुग्णास तीव्र डोकेदुखी किंवा मानेला वाढती सूज आल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. तोंड वाकडे झाल्यास वा बोलणे अडखळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण शेवटचा ठीक केव्हा होता आणि शस्त्रक्रिया कोणत्या तारखेस झाली, ही दोन्ही माहिती डॉक्टरांना प्रथम सांगावी. गाठ विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच देतात, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ते सहसा टाळतात.