शायलॉक करणाऱ्या भाच्यास

लंडन

चि. बाळ यास,

तुमच्या नाट्यमंडळाने शेक्सपियरचा 'व्हेनिसचा व्यापारी' करावयाचे ठरविले असून शायलॉक तुझ्या वाट्यास आला, हे वाचून संतोष झाला. त्या मनुष्याविषयी तुला जी करुणा वाटते ती प्रेक्षकांच्या ठायी कशी उत्पन्न करावी, असे तू विचारतोस. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम आपल्याच मनाची झडती घे. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने ज्यांचे कर्जरोखे जाळले, ते सावकार बहुतांशी परप्रांतीयच होते. रयतेचे दुःख खरे होते, तथापि त्या दिवसांपासून 'परका' आणि 'सावकार' या दोन कल्पना आपल्याकडे अशा एकजीव झाल्या आहेत, की शायलॉक रंगभूमीवर येताच आपला निवाडा होऊन चुकलेला असतो. इंग्लंडात शायलॉकच्या यहुदी जमातीशी हे वैर अधिक जुने. पहिल्या एडवर्डने 1290 साली यहुद्यांना हद्दपार केले व 1656 पर्यंत त्यांना येथे उघडपणे राहता आले नाही. म्हणजे ज्या प्रेक्षकांपुढे हे नाटक प्रथम झाले, त्यांतील बहुतेकांनी यहुदी शेजारी कधी पाहिलाच नव्हता. इंग्लंडच्या राणीचा वैद्य रोड्रिगो लोपेझ, बाप्तिस्मा घेतलेला पण यहुदी वंशाचा, राजद्रोहाच्या आरोपाखाली 1594 साली फासावर गेला, तेव्हा त्याच्या अखेरच्या शब्दांवर जमाव हसला, असे कॅम्डेन या इतिहासकाराने नोंदविले आहे.

1814 साली ड्रुरी लेन नाट्यगृहात एडमंड कीनने विदूषकी तांबडा टोप टाकून काळा घातला आणि थट्टेचा विषय झालेल्या या पात्रास माणूसपण दिले. 1879 साली लायसियममध्ये हेन्री आयर्व्हिंगने, मुलगी पळून गेलेल्या घराच्या दारावर थाप मारणारा एकाकी बाप दाखविला. प्रसंग हृदयद्रावक खरा, पण तो शेक्सपियरने लिहिलेला नाही. आणि तू तो उसना घेऊ नयेस असे माझे स्पष्ट मत आहे, कारण संहितेत त्याहून मोठे दुःख आहे. पत्नी लीआ हिने विवाहापूर्वी दिलेली पिरोजाची अंगठी मुलीने एका माकडाच्या मोबदल्यात देऊन टाकल्याचे तो ऐकतो, त्या एका क्षणी सावकार मागे पडून विधुर उभा राहतो. तेथे आवाज चढवू नकोस.

परंतु न्यायसभेत सुरीला धार लावताना हात आखडू नकोस. प्रतिपक्षाच्या कैवाऱ्याने कर्जाच्या तीन हजार डुकाटांच्या दुप्पट रक्कम पुढे ठेवली असताही जो माणसाचे काळीज कापावयास निघतो, त्याचे कृत्य घोरच आहे. ते सौम्य करून मिळविलेली सहानुभूती त्याला मिळतच नाही, ती आपण कल्पिलेल्या दुसऱ्याच कोणा सज्जनास मिळते. त्याच सभेत, तुम्ही विकत घेतलेल्या गुलामांना का मुक्त करीत नाही, असे तो त्या दयेच्या पुरस्कर्त्यांना विचारतो. त्याच्या या प्रश्नास तेथे कोणीही उत्तर देत नाही! ते वाक्य प्रेक्षकांकडे पाहून म्हण.

पुढे त्याची अर्धी मालमत्ता जाते, प्राण वाचविण्यासाठी धर्म सोडण्याची अट पडते आणि प्रकृती ठीक नाही एवढे सांगून तो जाण्याची परवानगी मागतो. पाचव्या अंकात तो नाहीच. तेव्हा जाताना अडखळणे, हंबरडा फोडणे यांपैकी काहीही करू नकोस. साधेपणाने चालत जा.

प्रयोगाची तारीख ठरताच कळव. तुझी मामी व मी दोघेही येऊ.

तुझा,
मामा