लेक अप्रेंटिस म्हणून कंपनीत निघालीय? आधी करारपत्र बघा



गेल्या महिन्यात कोऱ्हाळे बुद्रुकला एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, इतिवृत्त लिहायला घेतलं तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "मॅडम, पोरीला कंपनीत घेतायत, पण नोकरी नाय, अप्रेंटिस. सात हजारांत वर्षभर राबवून घेणार आणि परत घरी. पाठवू का नको?" शेजारच्या ताई म्हणाल्या, "त्यापेक्षा सोमेश्वरनगरला दुकानात बसली तरी तेवढं मिळंल की."

प्रश्न खरा आहे. आपल्या बारामती एमआयडीसीत पियाजिओ, फरेरो, भारत फोर्ज अशा मोठ्या कंपन्या आहेत. पलीकडं चाकण, रांजणगाव आहे. शिकलेल्या पोरी आता घराघरांत आहेत. म्हणून या महिन्याचा पाठ यावरच.

अप्रेंटिस म्हणजे कोण?

पूर्वी गावात सुताराच्या हाताखाली पोरगा राहायचा. आधी रंधा धरायचा, मग चौकट, मग एक दिवस स्वतः दार बसवायचा. अप्रेंटिस म्हणजे तेच, फक्त याला कायदा आहे: शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961. ज्या आस्थापनेत 30 किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे कंपनी आपल्यावर उपकार करत नाही, हे आधी मनात पक्कं करा.

त्या मुलीला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. 2019 च्या नियमांत ठरलेला महिन्याचा किमान दर असा:

- पाचवी ते नववी: 5,000 रुपये
- दहावी: 6,000 रुपये
- बारावी किंवा आयटीआय: 7,000 रुपये
- डिप्लोमा: 8,000 रुपये
- पदवी: 9,000 रुपये

दुसऱ्या वर्षी यात 10 टक्के वाढ असते. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत असेल तर यातला 25 टक्के वाटा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार थेट मुलीच्या खात्यात टाकतं. म्हणून खातं तिच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं.

दोन मुली, दोन कागद

आता दोन मुलींची गोष्ट सांगते. नावं लिहीत नाही, कंपन्यांचीही नाही.

पहिली आपल्याच भागातली, आयटीआय इलेक्ट्रिशियन. चाकणकडं एका मोठ्या कंपनीत लागली. पहिले पंधरा दिवस रोज रात्री आईला फोन करून रडायची. आठ तास उभं राहून पाय सुजायचे, शेडमध्ये शंभर पुरुष आणि चार मुली. पहिल्या आठवड्यात कामाला हातच लावू दिला नाही, नुसतं सुरक्षेचं शिक्षण. तिला वाटलं, वेळ वाया चाललाय.

मग देखभाल विभागात एका जुन्या कामगारकाकांच्या हाताखाली दिलं. पॅनल उघडण्याआधी सप्लाय बंद करायचा, बटणाला स्वतःचं कुलूप घालायचं, वर स्वतःच्या नावाची चिठ्ठी अडकवायची, टेस्टरने तपासायचं आणि मगच हात लावायचा. किल्ली आपल्याच खिशात. ती मला म्हणाली, "ताई, आयटीआयला हे वाचलं होतं. पण किल्ली खिशात आली तेव्हा कळलं, हा माझा जीव आहे."

काकांनी तिला वही घालायला लावली. आज काय केलं, कुठल्या मशीनवर, कुणी शिकवलं, सगळं रोज लिहायचं. सहाव्या महिन्यात ऑर्डरी वाढल्या आणि सुपरवायझरने तिला पॅकिंगला उभं केलं. आठवडा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या आठवड्यात ती वही आणि करारपत्र घेऊन प्रशिक्षण अधिकाऱ्याकडं गेली. करारात ट्रेड इलेक्ट्रिशियन लिहिला होता. भांडण नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी ती परत देखभाल विभागात.

दुसरी मुलगी बारावी झालेली. तिला एका ठेकेदाराने 'ट्रेनी' म्हणून नेलं. त्या भरती मेळाव्याचा कागद आपल्या ग्रुपवर मीच टाकला होता. करार आहे का, नोंदणी आहे का, मी काही विचारलं नाही. दहा महिने तिने खोके चिकटवले. शेवटी हातात ना प्रमाणपत्र, ना अनुभवाचा दाखला. तिची आई मला काही बोलली नाही, नुसता चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो. हा पाठ लिहायचं खरं कारण तेच आहे.

सही करण्याआधी काय बघायचं?

1. करार अप्रेंटिसशिप इंडिया या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का? मुलीचा नोंदणी क्रमांक मागा. मुलगी 18 च्या आतली असेल तर पालकाची सही लागते.
2. करारात ट्रेड कोणता, मुदत किती, विद्यावेतन किती?
3. करार कंपनीशी आहे की मधल्या माणसाशी? भरतीसाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथूनच मागं फिरा.
4. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे का? आयटीआयवाल्या मुलींना परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं.

कायदा काय देतो, काय देत नाही

परवानगीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावता येत नाही. नगावर मजुरी लावता येत नाही. सुरक्षेचे नियम कामगारांइतकेच तिलाही लागू. काम करताना इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे.

पण खरं तेही सांगते. मुदत संपल्यावर नोकरी द्यायची सक्ती कंपनीवर नाही. अप्रेंटिस कायद्याने कामगार धरली जात नाही, त्यामुळं पीएफ वगैरे नाही. तिथून आणायचं ते हातातलं काम आणि प्रमाणपत्र.

"हे पोरींचं काम नाय"

असं कुणी म्हणालं तर 1974 ची गोष्ट सांगा. पुण्याच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, स्त्रियांनी अर्ज करू नये. हुबळीकडच्या सुधा कुलकर्णींनी जेआरडी टाटांना साधं पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीला बोलावणं आलं आणि त्या टेल्कोत इंजिनिअर झाल्या. त्याच आजच्या सुधा मूर्ती. एका पोस्टकार्डाचं काम आपल्या गटाच्या ठरावानेही होऊ शकतं.

गट काय करू शकतो?

पहिल्या मुलीचं गणित बघा. विद्यावेतन सात हजार. चौघींत एक खोली, मेस आणि गाडीभाडं जाऊन हातात हजार-दीड हजार राहायचे. खोलीचं डिपॉझिट आईला गटाच्या अंतर्गत कर्जातून मिळालं. तेवढं नसतं तर पोरगी गेलीच नसती. तेव्हा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागणी आली तर "कमावत नाही, फेडणार कशी" असं म्हणून बाजूला ठेवू नका.

पहिल्या वेळी खोली बघायला गटातली एक ताई सोबत जाऊ द्या. माहिती आणि तक्रारीसाठी बारामतीच्या शासकीय आयटीआयमध्ये जा. एसटी महामंडळ आणि महावितरणही शिकाऊ उमेदवार घेतात, तिथलीही चौकशी करा.

पुढच्या बैठकीत बोलूया

- आपल्या गटात दहावी, बारावी, आयटीआय झालेल्या मुली किती? नावांची यादी करा.
- कुणी आधीच 'ट्रेनी' म्हणून जाते का? तिचा कागद सगळ्यांनी मिळून वाचा.
- डिपॉझिटसाठी किती कर्ज द्यायचं, ठराव करा.

इथून पुढं भरतीचा कुठलाही कागद ग्रुपवर टाकण्याआधी वरचे चार प्रश्न मी स्वतः विचारणार आहे. तुम्हीही मला विचारा, "मॅडम, करार बघितला का?" मला राग येणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक